शनिवार, रिजायना १९५५: कॉर्न ब्रूम बर्फावर नेता येणार का?

प्रेषक: मेधा (क्रीडा समिती)

नमस्कार मंडळी,

शनिवारच्या आपल्या जुन्या पद्धतीच्या कर्लिंग सामन्याबद्दल (१९५५ च्या रिजायनातल्या ब्रायरची, म्हणजे कॅनडाच्या राष्ट्रीय पुरुष स्पर्धेची आठवण) आइस मेकरचा, म्हणजे क्लबचं बर्फ तयार करणाऱ्यांचा, आत्ताच फोन येऊन गेला. कॉर्न ब्रूम (जुने काड्यांचे झाडू) आणणार असाल तर शीट ४ (बर्फाची चौथी पट्टी) देत नाही, म्हणाले. आपल्या पाठोपाठ सातला लीगचे सामने आहेत आणि त्यांना बर्फावर एकही काडी नकोय. ब्रूम आठ जमलेत, म्हणजे दोन्ही संघांना चार-चार. उद्या दुपारी बारापर्यंत उत्तर द्यायचंय. बाकी सगळं बैठकीत ठरल्याप्रमाणेच: दुपारी साडेतीन, सस्कॅचेवान विरुद्ध मॅनिटोबा, बारा एंड (डाव), गार्ड झोन (सुरुवातीचे आडवे दगड उडवायला बंदी) नाही. फक्त ब्रूमचं बोला.

मेधा

---

प्रेषक: सुहास

मेधाताई, क्लबचे ब्रश घ्या आणि विषय मिटवा. दगड तेच, हाउस (लक्ष्याची वर्तुळं) तेच, अंतरं तीच. हॅक (पाय रोवायची जागा) टी लाइनच्या (हाउसच्या मध्यरेषेच्या) मागे १२ फूट आणि हॉग लाइन (दगड सोडायची हद्द) पुढे २१ फूट, १९५५ लाही आणि आजही. प्रेक्षकांना काय फरक पडतो?

---

प्रेषक: अण्णा

सुहास, फरक पडतो. तो ऐकूसुद्धा येतो.

ब्रश बर्फावर दाबून पुढेमागे घासायचा असतो. कॉर्न ब्रूम डावीकडून उजवीकडे झोडायचा, काड्यांची टोकं दगडाच्या अगदी पुढ्यात बर्फावर आपटायची. दोघे स्वीपर समोरासमोर, एकाचा फटका संपतो तिथे दुसऱ्याचा पडतो. फट्-फट्, फट्-फट्, हॉग लाइनपासून हाउसपर्यंत. त्या काळातल्या ब्रायरला अख्खं मैदान त्या आवाजाने भरून जायचं. दुसरं म्हणजे स्किप (कर्णधार) तोच ब्रूम बर्फावर उभा धरून निशाण देतो. त्याचा रुंद पिवळा पंखा दुसऱ्या टोकाच्या हॅकमधून स्पष्ट दिसतो, ब्रशचं दांडकं तसं दिसत नाही.

आणि नावावरून मका समजू नका. ब्रूमकॉर्न ही ज्वारीचीच एक जात आहे. दाण्यासाठी नाही, कणसाच्या लांब ताठ काड्यांसाठी लावतात. वाळली की ही काडी कडक होते आणि आपटली की टोकाशी मोडते. आइस मेकरची तक्रार तेवढ्यापुरती खरी आहे.

---

प्रेषक: वृंदा

आठ कमी पडत असतील तर इंडियन स्टोअरमध्ये केरसुण्या मिळतात. दहा-बारा सहज आणता येतील.

---

प्रेषक: अण्णा

वृंदाताई, त्या नकोत. तो फुलझाडू, गवताच्या तुऱ्यांचा. त्याचा भुसा काडीपेक्षा बारीक असतो आणि पेबलच्या (बर्फावर शिंपडून गोठवलेल्या) थेंबांमध्ये जाऊन बसतो. शिवाय टोक इतकं मऊ की फटका बसतच नाही. आठ पुरेत. आणि दगड सोडताना डाव्या हातातला ब्रूम बर्फावर टेकून तोल सांभाळतात, त्यात पाय लागायची शक्यता फार. घरातल्या लक्ष्मीला तिथे नेऊ नये असं मला मनापासून वाटतं.

---

प्रेषक: प्रसाद

काडीने बिघडतं काय हे कुणीच सांगितलं नाही, म्हणून लिहितो. दगड ४० पौंडांच्या वरचा असला तरी पूर्ण तळावर टेकत नाही. तळ वाटीसारखा खोल, टेकते ती फक्त एक गोल कड, साधारण पाच इंच व्यासाची आणि रुंदीला पाव इंचाच्या आसपास. तीही सपाट बर्फावर नाही, पेबलच्या माथ्यांवर. त्या कडेखाली एक काडी आली की दगड तिथे अडखळतो, गर्रकन फिरतो आणि रेषा सोडतो. याला 'पिक' म्हणतात. हळू येणाऱ्या ड्रॉला (हाउसमध्ये थांबवायच्या दगडाला) धोका सगळ्यात जास्त. टेकआउटचा (समोरच्याचा दगड उडवणारा) दगड वेगात असतो, त्यामुळे तो बऱ्याचदा निभावतो.

स्वीपर आपल्या दगडाची वाट साफ करतात, पण मोडलेल्या काड्या तिथेच मागे राहतात. त्याच वाटेने प्रतिस्पर्ध्याचा पुढचा दगड येणार. त्यामुळे प्रत्येक दगडाआधी वाट झाडून घेणं हा त्या खेळाचाच भाग होता.

---

प्रेषक: सुहास

प्रसादचं वाचून माझं मत आणखी पक्कं झालं. दुसरं, बारा एंड आणि सात वाजता शीट रिकामी, हे जमतं का? एका एंडला १६ दगड, म्हणजे बारा एंडांना १९२. आजच्या बर्फावर ड्रॉ पोचायलाच २० ते २५ सेकंद लागतात, वर स्किपचा विचार. पंधरा मिनिटांना एक एंड धरला तर तीन तास. सराव आणि हस्तांदोलन धरून साडेतीन. बरोबरी झाली तर तेरावा एंड कुठे बसवायचा?

---

प्रेषक: मेधा (क्रीडा समिती)

सुहासदादा, बारा एंड बैठकीत ठरलेत, ते परत उघडू नका. १९२८ पासून १९७६ पर्यंत ब्रायर बारा एंडांचाच होता, दहा झाले ते १९७७ ला. रिजायना १९५५ असं नाव द्यायचं आणि दहा खेळायचे, हे मला पटत नाही.

---

प्रेषक: प्रसाद

गार्ड झोन नसला की एंड लवकर संपतात हेही धरा. लीडने (पहिल्या खेळाडूने) गार्ड (हाउसच्या पुढे आडवा दगड) टाकला की समोरच्याचा पहिलाच दगड तो उडवतो. कॅनडात तीन दगडांचा नियम (पहिल्या तीन दगडांत गार्ड उडवायला बंदी) ब्रायरला आला तो १९९० च्या दशकात, त्याआधी अशी बंदी नव्हती. हाउस मोकळं राहतं, टेकआउट पटापट होतात. ज्याच्याकडे हॅमर (एंडचा शेवटचा दगड) आहे तो एक गुण घेण्यापेक्षा एंड कोरा (बिनगुणी) सोडून हॅमर राखतो. मला १५ नाही, १२–१३ मिनिटं वाटतात.

---

प्रेषक: वृंदा

स्लाइडचं काय ठरलं? १९५४ ला एडमंटनला मॅट बाल्डविन दगड हातात धरून पार दुसऱ्या टोकापर्यंत घसरत गेला आणि दगड बटनावर (हाउसच्या मध्यावर) ठेवला. मुलांना ते करून दाखवता येईल.

---

प्रेषक: प्रसाद

करू नका. हॅकपासून हॉग लाइन ३३ फूट, तिथपर्यंत दगड सुटलाच पाहिजे, नाहीतर तो बाद. नवशिक्यांनी ते पाहिलं की शंभर फुटांच्या प्रयत्नात गुडघे फुटतात.

---

प्रेषक: श्रीधर (सामान व कपाट)

स्कोअरबोर्डकडे कुणाचंच लक्ष नाही, म्हणून सांगतो. आपल्या कपाटातल्या पाट्या १ ते १० च आहेत. मधल्या ओळीत गुण छापलेले असतात आणि खिळ्यावर लावायची ती एंडच्या क्रमांकाची पाटी. पहिल्या एंडला सस्कॅचेवानला दोन मिळाले तर १ ची पाटी २ या आकड्यापाशी. कोऱ्या एंडची पाटी उजवीकडच्या टोकाला. म्हणजे ११ आणि १२ नसतील तर शेवटचे दोन एंड बोर्डावर मांडताच येणार नाहीत. त्या दोन पाट्या मी करतो, जुन्यांच्या मापाने. कृपया दुसऱ्या कुणी करू नयेत, गेल्या वेळी दोन प्रकारच्या झाल्या होत्या. कपाटाची चावी माझ्याकडेच आहे.

---

प्रेषक: नेहा (पोस्टर)

पोस्टरवर 'मॅकडोनाल्ड ब्रायर' लिहू की नुसतं 'ब्रायर'? पहिल्या ब्रायरपासून १९७९ पर्यंत ती तंबाखू कंपनीच प्रायोजक होती आणि ब्रायर हे तिच्या तंबाखूचंच नाव. छातीवरचं हृदयाचं चिन्हही तंबाखूच्या वडीवरच्या पत्र्याच्या बदामावरून आलंय. मुलांचा कार्यक्रम आहे म्हणून विचारते.

---

प्रेषक: अण्णा

नेहा, नुसतं ब्रायर लिही, खाली 'रिजायना, १९५५'. बदाम असू दे, तो आता खेळाडूंचा झालाय. कॅम्पबेल भावांची नावं मात्र चारही दे: गार्नेट, डॉन, ग्लेन, लॉइड. ॲव्हनलीचे चार सख्खे भाऊ, दहापैकी दहा सामने जिंकून सस्कॅचेवानला पहिलं ब्रायर त्यांनीच मिळवून दिलं, तेही आपल्याच प्रांतात. रिचर्डसनची टीम त्यानंतरची, १९५९ ची. त्यात भाऊ आणि चुलतभाऊ आहेत. नेहमी घोळ होतो तो इथेच.

नीट ऐका, ब्रूमचं उत्तर अजून कुणी दिलेलं नाही. लीगच्या आधी खेळलो तर आइस मेकर बरोबर आहेत. काड्या पायाखाली दाबल्या की पेबलमध्ये रुततात, मग नुसता मॉप पुरत नाही, स्क्रेप करून पुन्हा पेबल टाकावं लागतं. दोन सामन्यांमध्ये तेवढा वेळ नसतो. पण दिवसाच्या शेवटी ते बर्फ स्क्रेप करतातच. म्हणून आपण लीगच्या नंतर खेळायचं. मेधा, नऊला शीट मिळते का ते विचार. आणि ब्रूम तयार करून नेणार हेही सांग: आदल्या दिवशी बाहेर अंगणात प्रत्येक ब्रूम जोरात शंभर वेळा झटकायचा, कंगव्याने सुट्या काड्या ओढून काढायच्या, मोडकी टोकं कात्रीने सारखी करायची. आठांपैकी दोन नवे दिसतात, जास्त गळतील ते. ते स्किपना द्या, त्यांना झोडायचं नसतं.

---

प्रेषक: सुहास

रात्री नऊ ते बारा? लहान मुलं असणार आहेत.

---

प्रेषक: मेधा (क्रीडा समिती)

बोलणं झालं. शनिवारी लीगनंतर नऊला शीट ४ मिळते. त्यांच्या अटी: बाजूच्या शीट ३ वर एकही काडी उडता कामा नये, म्हणून मधल्या पट्टीवर आपला एक माणूस कायम मॉप घेऊन उभा. दर एंडनंतर पूर्ण लांबीला एकदा मॉप. संपल्यावर कचरा आपण उचलायचा, पेबलला हात लावायचा नाही.

मुलांसाठी साडेतीनची वेळ सोडलेली नाही. तेव्हा शीट ४ वर ब्रश घेऊन चार एंड मुलांचे, स्लाइड फक्त हॉग लाइनपर्यंत. बारा एंडांचा सामना नऊला, ज्यांना थांबता येईल त्यांनी थांबावं. सुहासदादा, मॉपवर तुम्ही उभे राहाल का? काडी उडालेली तुमच्या नजरेतून सुटणार नाही.

ब्रूम शुक्रवारी संध्याकाळी अण्णांच्या अंगणात झटकायचे. कंगवे आपापले आणा.

---

प्रेषक: सुहास

राहतो उभा. मॉप रुंद हवा, तीन फुटी. क्लबचा दीड फुटी आहे, शीटच्या रुंदीला त्याच्या दहा-अकरा फेऱ्या होतील.

---

प्रेषक: श्रीधर (सामान व कपाट)

तीन फुटी मॉप कपाटात आहे. वापरून कोरडा करूनच परत द्या, ओला ठेवला की पुढच्या वेळी त्याचेच धागे बर्फावर सुटतात. ११ आणि १२ च्या पाट्या रंगवून झाल्या. १३ चीही करून ठेवतोय.