सुतळी बॉम्ब वाजला की आमचा भुऱ्या वॉशिंग मशीनच्या मागे. काय करू?

प्रश्न (मानेवाडा, नागपूर)
भुऱ्या गावठी कुत्रा आहे, चार वर्षांचा. एरवी गल्लीत नुसती दादागिरी. पण मागच्या लक्ष्मीपूजनाला मशीनमागे अडकला आणि पाइपच उपटला, पाणी थेट देवापर्यंत. भाऊबीजेला पट्ट्यातून मान काढून पळाला. सकाळी तुकडोजी पुतळ्याजवळ एका पानठेल्याखाली सापडला, पंजे सोललेले. यंदा दिवाळीला बाराच दिवस आहेत. शेजारचे भाऊ म्हणतात, माणसाची झोपेची अर्धी गोळी द्या. सासूबाई म्हणतात, जवळ घेऊ नको, लाडावून जास्त भितो. कोणाचं ऐकू?

उत्तर (महाल)
ताई, दोघांचंही नका ऐकू. भीती काही लाडाने वाढत नाही. जवळ आला तर खुशाल घ्या, मशीनमागे बसला तर ओढून काढू नका. पाइप तेवढा आधी बांधून घ्या.

आता माझा उपाय, हसू नका. दिवाळीत अख्खं नागपूर कूलर गच्चीवर गुंडाळून ठेवतं, मी माझा आतल्या खोलीत ओढत आणतो. पाणी नाही, नुसता पंखा फुल. पंपाचं बटण आठवणीने बंद ठेवा, कोरडा पंप जळतो (एकदा जाळलाय). आमची कुत्री चिमी उन्हाळाभर त्याच्यासमोरच झोपते, म्हणून तिच्यासाठी ती घरघर म्हणजे झोप. नवीन कुठलं मशीन आणलं असतं तर त्यालाच भ्याली असती. खिडकीला जुनी गोधडी लावतो, बाहेरचा उजेडही दिसत नाही. कूलर आजपासूनच रोज तासभर लावा.

चारच्या सुमारास फिरवून आणा, अंधार पडायच्या आत जेवण. पट्ट्यासोबत छातीचा हार्नेसही घाला आणि पट्ट्यावर मार्करने फोन नंबर लिहा. दारात पाहुणे आले की पळायची वेळ तीच.

उत्तर (सेमिनरी हिल्स)
गोळीबद्दल थोडं. माझ्या आधीच्या कुत्र्याला एसीपी म्हणजे एसप्रोमॅझीन दिलं होतं. पडून राहिला, आम्ही खूश. डोळे मात्र टक्क उघडे. नंतर कळलं, त्याने अंग सुस्त होतं, भीती आत तशीच राहते. आता डॉक्टर ट्रॅझोडोन किंवा गॅबापेन्टिन देतात, डोस वजनावर ठरतो. आताच दाखवून या आणि एखाद्या शांत दिवशी डॉक्टरांना विचारून एकदा देऊन बघा, ऐन पूजेच्या दिवशी पहिला प्रयोग नको. फटाके सुरू व्हायच्या आधी पोटात जायला हवी, थरथर सुरू झाल्यावर फारसा उपयोग नाही.

फोनवर फटाक्यांचा आवाज अगदी बारीक लावून सोबत कलेजी खाऊ घालायची सवयही लावता येते, पण त्याला आठवडे लागतात. बारा दिवसांत नाही जमत. मी उन्हाळ्यात सुरू करते.

प्रश्नकर्ती, लक्ष्मीपूजनानंतर
रात्री १० ते सकाळी ६ फटाक्यांना बंदी म्हणतात, आमच्या गल्लीतल्या पोट्ट्यांची दिवाळी दहानंतरच सुरू होते बाप्पा. डॉक्टरांची गोळी साडेपाचला दिली. कूलर लावला तर सासूबाई म्हणाल्या, ऐन थंडीत काहून? भुऱ्या थरथरला, पण मशीनकडे गेला नाही, पलंगाखालीच होता. पावणेबाराला कलेजीचा तुकडा हातातून घेतला. त्याच्या पाठीवर हात ठेवून सासूबाईच जमिनीवर बसल्या होत्या.

आता तुळशीच्या लग्नानंतर वराती. कूलर अजून आतच आहे.