ईईजीत जोरजोरात श्वास: नकार द्यायचा का?

सातारकर: मुलाच्या ईईजीत (डोक्याला वायरी लावून मेंदूच्या लाटा बघायची तपासणी) त्याला तीन मिनिटं जोरजोरात श्वास घ्यायला लावला. ओठ बधिर, बोटांना मुंग्या, पोरगं रडकुंडीला आलं. रिपोर्ट नॉर्मल. मुद्दाम फिट आणायची ही कसली तपासणी? सगळ्या पालकांनी सरळ नकार द्यावा.

मीराची आई: "सगळ्या पालकांनी" वाचून राहवलं नाही. माझी मुलगी दोन वर्षं वर्गात "लक्ष देत नाही" म्हणून ओरडा खात होती. ईईजीत ताईंनी तिच्या हातात कागदी भिरभिरं दिलं, फुंकत राहा म्हणाल्या. दुसऱ्या मिनिटाला भिरभिरं थांबलं. पापण्या फडफडल्या. ताई "आंबा" म्हणाल्या. दहा-बारा सेकंदांनी मीरा पुन्हा फुंकायला लागली, जणू काही झालंच नाही. कोणता शब्द ऐकलास? तिला आठवेना. स्क्रीनवर सेकंदाला तीन टोकदार लाटा. त्या दिवशी आजार कळला, गोळी सुरू झाली. नकार दिला असता तर ती अजून बाकावर उभी राहिली असती.

सातारकर: तुमच्या मुलीला ॲबसन्स होती, म्हणजे काही सेकंद भान हरपायची फिट. माझ्या मुलाची फिट उजव्या हातापासून सुरू होते. अशा फिटमध्ये श्वासाने फारसं काही निघत नाही, हे मला नंतर दुसऱ्या डॉक्टरांनी सांगितलं. आधी का नाही सांगितलं?

वायरी_लावणारा (चंद्रपूर): सोळा वर्षं हेच काम करतोय. श्वासाने कार्बन डायऑक्साइड उतरतो, मेंदूच्या रक्तवाहिन्या आकसतात, मुंग्या त्याच्याच. थांबलं की जातात. मोठी फिट क्वचित येते. लहान मुलांच्या लाटा तेव्हा मंदावतात, ते नॉर्मल आहे; पण तेवढ्यावरून मिरगीचा शिक्का बसलेली पोरंही मी पाहिलीत. माझा राग वेगळाच आहे. आमच्या विदर्भात सिकलसेल (रक्ताचा आनुवंशिक आजार) घरोघरी, आणि श्वास सुरू करण्याआधी "सिकलसेल आहे का?" कुणी विचारत नाही! तिथे हे करायचंच नसतं, पक्षाघात होऊ शकतो. मोयामोया (मेंदूच्या रक्तवाहिन्या अरुंद होत जाण्याचा आजार), नुकताच झालेला पक्षाघात, हृदयाचा वा फुप्फुसाचा मोठा आजार, तिथेही नाही.

मीराची आई: आम्हालाही विचारलं नव्हतं. आम्ही पुण्याचे, म्हणून असेल.

वायरी_लावणारा (चंद्रपूर): पुण्याचे म्हणून? गडचिरोली, मेळघाट, नंदुरबारची माणसं पुण्यात कामाला नाहीत का? पत्ता बघून रक्त कळतं का?

मीराची आई: चुकलं माझं. पण हा राग तुमच्या विभागप्रमुखांवर काढा, माझ्यावर नको.

वायरी_लावणारा (चंद्रपूर): काढलाय. "फॉर्ममध्ये रकाना नाही" म्हणाले. मी आता पेस्ट लावतानाच विचारतो. माहीत नाही म्हणाले तर श्वासाचा भाग सोडतो, डॉक्टरांना तसं लिहून देतो.

सातारकर: "सगळ्यांनी" हा शब्द मागे घेतो. बाकी पोस्ट राहू दे. मला दाराबाहेर उभं केलं होतं आणि आतून पोराचं रडणं ऐकू येत होतं.