आईबाबांनी फोन उचलला नाही की जीव टांगणीला लागतो, काय करू?

मीठभाकर:
मी पुण्यात, आईबाबा सांगलीला, दोघंही सत्तरीपुढचे, बाबांना बीपी. बाकी सगळं ठीक आहे पण फोन उचलला नाही की माझ्या डोक्यात पिक्चर सुरू, पडले असतील, अ‍ॅटॅक आला असेल, मग परत परत लावते, शेजारच्या काकूंना लावते, तोवर हात गार आणि छातीत धडधड. बहुतेक वेळा फोन चार्जिंगला असतो आणि ते गॅलरीत पेपर वाचत बसलेले असतात. नवरा म्हणतो पॉझिटिव्ह विचार कर. कसा करू? रात्री आडवी झाले की पण हेच. ध्यान वगैरे नका सांगू, डोळे मिटले की अजून वाढतं.

तिरकस_तात्या:
पॉझिटिव्हचा उपयोग नाही कारण "काही होणार नाही" म्हटलं की मन लगेच विचारतं, कशावरून? मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिसची विवेकनिष्ठ उपचारपद्धती (आरईबीटी, 1955 च्या आसपासची) वाचून बघा. त्यात एबीसी आहे. ए म्हणजे फोन न उचलणं, सी म्हणजे धडधड, आणि मधला बी म्हणजे आपण त्या वेळी स्वतःला काय सांगतो ते. तुमचा बी माझ्या मते "मला आत्ताच्या आत्ता कळलंच पाहिजे, नाहीतर मला सहन होणार नाही" असा असावा. त्याजागी "लगेच कळलं तर बरं, पण अर्धा तास नाही कळलं तर त्रास होईल, तरी मी काढेन तो वेळ" हे लिहून काढा, नुसतं मनात म्हणून भागत नाही. भीती पळून जाणार नाही, पण आवाक्यात येईल.

रानजाई:
तात्यांशी सहमत, पण खरी मेख त्या परत परत फोन करण्यात आहे ताई. दर वेळी फोन लागतो, हुश्श होतं, आणि मन शिकतं की फोन केला म्हणूनच सुटलो, मग पुढच्या वेळी हात अजून लवकर फोनकडे जातो. म्हणून थांबायचं, आधी दहा मिनिटं, मग वीस, हळूहळू वाढवत. सुरुवातीला जाम अस्वस्थ वाटतं, पण ती लाट फोन न करताही ओसरते हे एकदा अनुभवायला लागतं. रात्रीसाठी "चिंतेची वेळ" करा, 1983 मध्ये बॉर्कोवेक वगैरे संशोधक मंडळींनी हे तपासलं होतं. रोज संध्याकाळी एकाच जागी अर्धा तास बसून काय काळजी करायची ती करा, झोपायच्या तोंडावर नको. इतर वेळी विचार आला की वहीत दोन शब्द खरडून उद्यावर ढकलायचा.

मीठभाकर:
आणि मी वीस मिनिटं थांबले आणि तेव्हाच खरंच काही झालं असेल तर?

डबा_पार्सल:
रास्त प्रश्न आहे, आणि याला मानसशास्त्र नको, सोय लागते. काकूंकडे घराची एक किल्ली, फ्रिजवर 108 आणि डॉक्टरांचा नंबर, औषधांची यादी. एवढं केलं की जे करण्यासारखं आहे ते झालं, मग उरतो तो निव्वळ "जर तर", त्याला वरचे उपाय. धडधड सुरू झाली की डोळे उघडे ठेवूनच चार मोजत श्वास घ्या आणि सहा-आठ मोजत सोडा, सोडणं लांब हवं. दुपारनंतरचा चहा कॉफी कमी करून बघा. एकदा थायरॉइड पण तपासा, ते वाढलेलं असलं तरी अशीच धडधड होते, आणि उगाच मनाला दोष देत बसतो आपण. झोप महिनोन्महिने उडाली असेल तर मात्र नुसतं इथे विचारू नका, डॉक्टरांना भेटा. सरकारची टेलिमानस ही मानसिक आरोग्याची हेल्पलाइन आहे 14416, फुकट, चोवीस तास, मराठीत बोलता येतं.

मीठभाकर:
किल्लीचं पटलं, शनिवारी जातेय तेव्हा देऊन येते. आईला म्हटलं रोज आठला एकच फोन करेन, तर म्हणाली आठला नको, सिरियल असते, साडेनऊला कर.