स्कॉटिश म्हणी: "तुझं मांजर मेलं का?" याला काय उत्तर द्यायचं?

रानजाई
मंडळी, तीन महिने झाले ग्लासगोला येऊन, नोकरीसाठी आलेय. आयेल्ट्सला (इंग्लिशच्या परीक्षेला) चांगला बँड होता म्हणून जरा तोऱ्यातच आले होते, तो पहिल्याच आठवड्यात उतरला. माझी एक पँट ड्रायरमध्ये आटली, तरी तीच घालून ऑफिसला गेले तर शेजारच्या डेस्कवरच्या बाई अगदी गंभीर चेहरा करून विचारतात, इज यर कॅट डेड? मी म्हटलं नाही हो, मांजर नाहीये माझ्याकडे, घरमालक पाळू देत नाही. अख्खा फ्लोअर हसत होता. मग मीटिंगमध्ये एकजण दुसऱ्याला म्हणाला "यर बम्स ऊट द विंडे", म्हणजे तुझं बूड खिडकीबाहेर आहे, आणि मी खरंच खिडकीकडे बघितलं 🤦 आणि फ्लॅटमेट रोज संध्याकाळी "मेसेजेस" आणायला जाते आणि दूध-ब्रेड घेऊन येते. हे काय प्रकरण आहे कोणी सांगेल का? आणि आपण असं बोललेलं त्यांना चालतं का?

बंबातला कोळसा
हाहा, ताई, मांजराचं सोपं आहे. कोणी मोठं माणूस गेलं की झेंडा अर्ध्यावर उतरवतात ना, तशी तुमची पँट अर्ध्यावर आलीये, तर कोण गेलं, मांजर का? एवढाच जोक. बूड खिडकीबाहेर म्हणजे काहीच्या काही बरळतोयस. मेसेजेस म्हणजे वाणसामान, फोनशी काही संबंध नाही.

माझी सगळ्यात आवडती मात्र "लँग मे यर लम रीक". लम म्हणजे धुराडं, रीक म्हणजे धूर, तुझं धुराडं कायम धुमसत राहो, म्हणजे घरात चूल पेटती राहो, ददात पडू नये. एडिनबराला "ऑल्ड रीकी" म्हणतात ते याच रीकवरून, एके काळी घराघरात कोळसा जळायचा आणि गाव धुरात असायचं. ही शुभेच्छा खास करून हॉगमनेला, म्हणजे त्यांच्या ३१ डिसेंबरला देतात. बारा वाजून गेल्यावर जो पहिला उंबरा ओलांडेल त्याच्यावर वर्षाचं नशीब, आणि तो उंच, काळ्या केसांचा पुरुष असला तर उत्तम, हातात कोळशाचा तुकडा हवा. (सोनेरी केसवाला आला की अपशकुन, व्हायकिंग लुटारूंची आठवण म्हणतात, खरंखोटं ते जाणोत.) माझी उंची पाच फूट पाच, पण केस काळेभोर! पहिल्याच वर्षी शेजारच्या आजींनी मला पावणेबाराला थंडीत बाहेर काढलं, हातात कोळसा दिला, आणि बारा वाजल्यावर बेल वाजव म्हणाल्या. आयुष्यात एवढा भाव कुठे मिळाला नव्हता.

जुनी खोड
एक दुरुस्ती, बरेच जण समजतात तसं हे "स्कॉटिश लोकांचं बिघडलेलं इंग्लिश" नाही, ही स्कॉट्स भाषा. स्कॉट्स ही इंग्लिशची बहीण आहे, दोघींचं मूळ जुन्या इंग्लिशमध्ये. गेलिक ही तिथली तिसरीच भाषा, केल्टिक कुळातली. २०११ च्या जनगणनेत पहिल्यांदा स्कॉट्सबद्दल विचारलं तेव्हा १५ लाखांवर लोक म्हणाले आम्ही बोलतो. तिचा दहा खंडांचा कोश आहे, १९३१ ते १९७६ एवढी वर्षं लागली त्याला. आणि २०२५ मध्ये तिथल्या पार्लमेंटने कायदा करून गेलिकसोबत स्कॉट्सलाही अधिकृत दर्जा दिला.

आता म्हणी. "कॉल्ड केल हेट अगेन". केल म्हणजे कोबीच्या कुळातली पालेभाजी, गरिबाच्या परसात हमखास असायची, तिचं सूपही केलच. गार झालेलं केल परत तापवलं, म्हणजे तेच तेच जुनं पुन्हा वाढलं. आपली शिळ्या कढीला ऊत अगदी जशीच्या तशी! "अप टू हाय डो" म्हणजे माणूस टेन्शनने वरच्या सा ला जाऊन बसलाय, डो म्हणजे त्यांचा सा. आणि "मेनी अ मिकल मॅक्स अ मकल" थेंबे थेंबे तळे साचे म्हणून सगळीकडे फिरते, पण गंमत अशी की मिकल आणि मकल दोन्हींचा अर्थ पुष्कळच, म्हणजे तळ्यातळ्याने तळे साचे 😀 मूळ म्हण "मेनी अ पिकल", पिकल म्हणजे चिमूटभर, पुढे कोणाची तरी जीभ घसरली.

अ‍ॅबरडीनचा आप्पा
ग्लासगोत आहात म्हणून सुटलात. आमच्याकडे डोरिक (स्कॉट्सची इथली बोली) बोलतात, व्हॉटचं फिट आणि हाऊचं फू. तेलाच्या कंपनीत लागलो तेव्हा सिक्युरिटीवाले काका रोज विचारायचे "फूज यर डूज?" म्हणजे तुझी कबुतरं कशी आहेत. मी आपला गुड मॉर्निंग सर. वर्षभराने कळलं की याचं उत्तर "आय पेकिन", म्हणजे टिपतायत नेहमीसारखी, म्हणजे बरं चाललंय. आय म्हणजे इथे 'कायम' बरं का, 'हो' नाही. ज्या दिवशी मी आय पेकिन म्हटलं त्या दिवशी काकांनी केबिनमधून बाहेर येऊन हात मिळवला. तेव्हा बोललेलं चालतं का, तर उत्तर द्यायला शिका आधी, स्वतःहून फेकू नका. आणि "हॉड यर व्हीश्ट" (गप बस) बॉसला चुकूनही नको.

पेठेतला
एडिनबरावाल्यांवर ग्लासगोकरांचा एक टोमणा आहे तो कोणी कसा नाही सांगितला? दारात पाहुणा आला की एडिनबराकर म्हणे म्हणतो, "यू'ल हॅव हॅड यर टी", टी म्हणजे संध्याकाळचं जेवण. म्हणजे जेवूनच आला असाल ना! वाचलं आणि एकदम घरच्यासारखं वाटलं.

बंबातला कोळसा
@पेठेतला 😂😂 एडिनबराकर म्हणून निषेध नोंदवतो. ताई, अजून एक राहिलंच, आणि यात सगळे फसतात. स्कॉटिश माणूस "आय डाउट" म्हणाला की त्याला शंका नसते, उलट जवळजवळ खात्री असते, फक्त ती गोष्ट त्याला फारशी आवडलेली नसते. आय डाउट इट'ल रेन म्हणजे पाऊस येणार बहुतेक, छत्री घ्या.

रानजाई
सगळ्यांना खूप खूप थँक्स, कबुतरांवर तर मी... एक मिनिट. बंबातला कोळसा, काल आमचे मॅनेजर म्हणाले "आय डाउट यू'ल बी इन ऑन सॅटर्डे" आणि मी खूश होऊन थँक्यू सो मच म्हणाले आणि शनिवारचं लॉख लोमंड तळ्याचं तिकीट काढून बसलेय 😭

अ‍ॅबरडीनचा आप्पा
कॅन्सल करा.