देवराईसाठी ६ × ३ फुटी कोरीव फलक करायचाय, शीट आणि रंग सुचवा

रानवाट:
नमस्कार मंडळी. आमच्या गावच्या देवराईच्या तोंडाशी माहितीफलक लावायचाय. मुळशी तालुका, म्हणजे पावसाळ्यात धो धो आणि एप्रिल-मेत डोक्यावर थेट ऊन. आधीचा फ्लेक्स पार पांढरा पडला, लाल अक्षरं तर सगळ्यात आधी गेली, म्हणून गावकीत ठरलं की आता छापील नको, कोरलेलंच पाहिजे. दगडाचं बजेट नाही आणि लाकूड वाळवी ठेवणार नाही. डोक्यात असंय की पांढरी प्लास्टिक शीट गडद हिरवी रंगवायची आणि सीएनसीवर (कॉम्प्युटरवर चालणाऱ्या कोरीव मशीनवर) कोरायची, म्हणजे अक्षरं आतल्या पांढऱ्यात उठतील. वर देवराईचं नाव मोठं, खाली सातवीण, बेहडा, गारंबीचा वेल अशी माहिती. शीट कोणती घेऊ, रंग कोणता टिकेल, आणि लेझर की राऊटर (फिरत्या पात्याने कोरणारं मशीन)?

कोकणकडा:
पीव्हीसी शीट असेल तर लेझरचं नावच काढू नका. पीव्हीसीत क्लोरीन असतं, जळलं की हायड्रोक्लोरिक ॲसिडचा वायू सुटतो, फुप्फुसाला वाईट आणि मशीनचे रेल पण गंजतात. जाणता दुकानदार घेणारच नाही. ॲक्रिलिक लेझरवर मस्त होतं, पण बऱ्याच जणांकडे १३९० मशीन असतं, म्हणजे १३०० × ९०० मिमीचा बेड, त्यावर ६ फूट मावत नाही. १३२५ राऊटर शोधा, ८ × ४ ची अख्खी शीट बसते.

राऊटरवाला:
हेच काम रोज करतो म्हणून सविस्तर लिहितो. कोरीव काम कुठे जात नाही हो, जातो तो रंग, त्यामुळे सगळा जीव रंगाच्या तयारीत घाला.

शीट १२ किंवा १८ मिमीची पीव्हीसी फोम घ्या, जास्त घनतेची. जाहिरातीच्या बोर्डाला वापरतात तो हलका सनबोर्ड नको, नखाने दाबला तरी खड्डा पडतो. रंगवायच्या आधी ३२० चा पॉलिश पेपर मारून चकाकी घालवा, आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, मग प्लास्टिक प्रायमर आणि त्यावर टू-पॅक पीयू, म्हणजे दोन भाग मिसळून मारायचा पॉलियुरेथेन रंग, गाड्यांना मारतात तोच. ऑइल पेंट नको, उन्हात भुकटी होऊन हाताला लागतो. रंग मारला की आठवडाभर हात लावू नका, वरून सुकलेला दिसतो पण आत कच्चा असतो, आणि कच्च्या रंगावर मास्किंग (रंग झाकायचा चिकट कागद) लावलं तर निघताना रंगाची साल घेऊनच येतं.

पूर्ण सुकला की अख्ख्या शीटवर मास्किंगचं व्हिनाइल चिकटवा, बुडबुडा न ठेवता, आणि मास्किंगसकट कोरा. आता मुख्य गोष्ट: फोमचं आतलं अंग उघडं ठेवायचं नाही. कोरलं की बारीक छिद्रं उघडी पडतात, हात फिरवला तर खरखरीत लागतं, त्यात धूळ बसते आणि मुळशीच्या पावसात शेवाळ धरतं, म्हणजे तुमची पांढरी अक्षरं हिरवी होणार. म्हणून मास्किंग तसंच ठेवून खाचेत आधी प्रायमरचे दोन पातळ हात आणि मग पांढरा किंवा फिका पिवळा पीयू गनने मारा, सुकल्यावर मास्किंग ओढा. कडा सुरीने कापल्यासारख्या येतात. शीटच्या चारी कडा आणि पाठ पण रंगवून घ्या.

मोठी अक्षरं सपाट बिटने (बिट म्हणजे कोरायचं पातं) ३-४ मिमी खोल, बारीक मजकूर टोकदार व्ही-बिटने, तो जितका खोल जाईल तितकी रेघ जाड. फोम शीटची जाडी सगळीकडे सारखी नसते, टोकाचा कोन ९० अंशाचा असेल तर ०.३ मिमीच्या फरकाने रेघ ०.६ मिमीने जाड-बारीक होते, डोळ्याला लगेच दिसतं. ६० अंशाचा बिट मागा, त्यात हा फरक जवळजवळ निम्मा होतो.

अक्षरजुळणी:
वरचं सगळं बरोबर, पण मजकुराची फाइल नीट नसेल तर सगळी मेहनत पाण्यात. देवनागरीत प्रत्येक अक्षराचा शिरोरेघेचा तुकडा शेजारच्यावर थोडा चढलेला असतो. स्क्रीनवर कळत नाही, पण कर्व्ह करून (अक्षरांच्या नुसत्या बाह्यरेषा करून) तशीच फाइल मशीनला दिली की प्रत्येक सांध्यावर बिट फिरून येतो आणि रेघेत उभ्या चिरा दिसतात, कधी तो चढलेला भाग न कोरताच राहतो. कोरलड्रॉमध्ये कर्व्ह केल्यावर एकेक शब्द वेल्ड करा, म्हणजे चढलेले तुकडे जोडून एकच आकार करा. मग वायरफ्रेममध्ये (नुसत्या रेषा दाखवणाऱ्या व्ह्यूमध्ये) बघा, शिरोरेघ सलग एकच पाहिजे. जुन्या फॉन्टात टाइप केलेलं असेल तर दुसऱ्या कॉम्प्युटरवर जोडाक्षरं फुटतात, म्हणून कर्व्ह केलेलीच फाइल पाठवा.

फॉन्ट जाडसर आणि मोकळा. ‘ध’ आणि ‘घ’, ‘भ’ आणि ‘म’ यातला फरक त्या छोट्या फटीवर असतो, फट बिटपेक्षा बारीक असली की बुजते. साधारण १० फुटांवरून वाचायला २५ मिमी उंची लागते, खालचा मजकूर २० च्या खाली नेऊ नका. मावत नसेल तर झाडं कमी करा.

पॅनेलवाला:
आम्ही इलेक्ट्रिकल पॅनेलवर ट्रॅफोलाइटच्या पट्ट्या लावतो, दोन रंगांचे थर एकमेकांवर दाबलेले, वरचा कोरला की खालचा दिसतो. १९२७ मध्ये मँचेस्टरच्या ट्रॅफर्ड पार्कमधल्या कारखान्यात निघालं म्हणून हे नाव. आयडिया तुमचीच, पण एवढ्या मोठ्या उघड्यावरच्या बोर्डाला ते नको.

रानवाट:
खूप खूप आभार सगळ्यांचे! वेल्डचं तर कुणी सांगितलंच नसतं. एकाने एचडीपीई शीट सुचवलीय, मुलांच्या बागेत खेळण्यांना असते ती. ती रंगवून चालेल का? आणि ठोकायचं कसं?

राऊटरवाला:
एचडीपीई रंगवायची नाही, तिला रंग धरतच नाही, सोलून निघतो. तीन थरांची दोन रंगांत येते, ती मिळाली आणि परवडली तर डोळे झाकून घ्या, रंगकामच वाचलं. एकरंगी असेल तर सोडून द्या.

ठोकू नका, जीआय पाइपची (जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडी पाइपची) फ्रेम करा, मागे आडवे दोन सपोर्ट द्या. ६ फुटी प्लास्टिक शीट तापमानाच्या ३० अंशांच्या फरकाला ३-४ मिमी लांबते, एचडीपीई तर त्याच्या जवळजवळ दुप्पट. गडद हिरवा उन्हात जास्तच तापतो. म्हणून मधलं एकच भोक फिट ठेवा, बाकीची ५ मिमीच्या स्क्रूला ८ मिमीची, एचडीपीईला त्याहून मोठी, वर रुंद वॉशर, स्टेनलेस ३०४. आवळून टाकायचे नाहीत, नाहीतर मे महिन्यात शीटला पोक येतं. आणि फ्रेम स्वतःच्या खांबांवर, देवराईच्या झाडाला एक खिळा सुद्धा नको.

अक्षरजुळणी:
रानवाट, कर्व्ह केलेली फाइल मला पाठवा, मशीनवर जायच्या आधी शिरोरेघा बघून देतो. पैसे वगैरे काही नको, देवराईचं काम आहे.