सुझोऊत घर घेतलं म्हणून आम्ही मूर्ख?

पानगळ

परवा याच मंचावर सह्याद्रीवारा यांनी लिहिलं की चीनमध्ये परदेशी माणसाने घर घेणं म्हणजे ७० वर्षांचं भाडं आगाऊ भरणं, आणि जे घेतात ते ‘मूर्ख, नाहीतर एजंटने गुंडाळलेले’. दोन दिवस गप्प बसले. आता राहवत नाही.

आम्ही २०१७ मध्ये शांघायजवळच्या सुझोऊ शहरात, जुन्या भागात घर घेतलं. सहा मजली इमारत, चौथा मजला, ७२ चौरस मीटर, लिफ्ट नाही. त्याआधी सहा वर्षांत चार घरं बदलली होती. पहिल्या मालकाच्या मुलाचं लग्न ठरलं आणि मुलीकडच्यांना नवरदेवाचं घर हवं होतं, म्हणून आम्ही बाहेर. दुसऱ्याने भाव चढले म्हणून विकलं. तिसऱ्याच्या बायकोला फोडणीचा वास चालेना. प्रत्येक वेळी नव्या पत्त्यावर गेलं की २४ तासांच्या आत पोलीस चौकीत नोंद करायची, त्यासाठी मालकाच्या कागदांची प्रत लागते, आणि मालक ती द्यायला कां कूं करतो, कारण भाड्यावरचा कर चुकवलेला असतो. चौथ्या घरात माझी चार वर्षांची मुलगी भिंतीवर चित्र चिकटवण्याआधी विचारायची, “हे आपलं आहे का?” त्या रात्री आम्ही दोघांनी हिशोब मांडायला घेतला.

इथल्या हिवाळ्याबद्दल तुम्ही एक ओळ लिहिली नाहीत. छिनलिंग डोंगर आणि हुआइ नदी ही सरकारी हीटिंगची वेस. तिच्या उत्तरेला पाइपातून ऊब येते, दक्षिणेला नाही. आम्ही दक्षिणेला. जानेवारीत घरात बसून बोटं बधिर होतात आणि जूनमध्ये मेइयू नावाचा संततधार पाऊस लागला की कपाटातल्या चामडी चपलांवर बुरशी चढते. स्वतःच्या घरात दुहेरी काचेच्या खिडक्या बसवल्या, जमिनीखालून गरम पाण्याचे पाइप घातले. भाड्याच्या घरात खिळा ठोकायची चोरी, तिथे फरशी कोण उचकटू देणार?

आम्हाला कुणी फसवलं नाही. काय घेतोय हे कळत होतं.

सह्याद्रीवारा

ताई, माझा रोख तुमच्यावर नव्हता. पण अंगाला लावून घेतलंत तर मीही स्पष्ट बोलतो. तुमच्या लिखाणात पोरीचं चित्र आहे, चपलांवरची बुरशी आहे, आकडा कुठे आहे? २०१७ ला कितीला घेतलंत आणि आज कितीला जाईल?

२०२० च्या ऑगस्टमध्ये सरकारने बिल्डरांच्या कर्जावर तीन लाल रेषा, म्हणजे मर्यादा आखल्या, २०२१ मध्ये एव्हरग्रांड ही बडी बिल्डर कंपनी कोसळली, २०२४ च्या जानेवारीत हाँगकाँगच्या कोर्टाने तिच्या लिक्विडेशनचा आदेश दिला. २०२२ च्या उन्हाळ्यात चिंगदेचन शहरापासून लोकांनी अर्धवट इमारतींचे हप्तेच थांबवले. हा बाजार. जमीन सरकारची, तुमच्याकडे फक्त वापराचा हक्क. घर घेतलं म्हणून हुकौ (कायम रहिवासाची सरकारी नोंद) मिळत नाही, राहण्याचा परवाना मिळत नाही. नोकरी गेली की परवाना गेला, आणि घर तिथेच. बाहेरच्या माणसाने तिथे पाळंमुळं रोवायची कशासाठी?

कापडबाजार

शाओशिंगच्या खच्याओमध्ये १४ वर्षं. कापडाच्या धंद्यात आहे, भाड्याने राहतो, सुखी आहे. आमच्याकडे गुजराती, सिंधी, पंजाबी शेकडो, घर घेतलेले हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. ज्यांनी घेतलं ते बहुतेक चिनी बायकोच्या नावावर.

पानगळताई, एकच विचारतो. मालमत्तेच्या लाल पुस्तकावर तुमचं नाव कसं चढलं? माझ्या मित्राच्या पासपोर्टवर स्वतःचं, वडिलांचं आणि आडनाव मिळून तीन शब्द. बँकेत एक क्रम, कराच्या नोंदीत दुसरा, घराच्या कागदावर तिसरा. त्यात पासपोर्ट नवा झाला की नंबर बदलतो, आणि हा तोच माणूस हे सिद्ध करत फिरा.

नेरुळ_सेक्टर

७० वर्षांवर आश्चर्य करणाऱ्यांनी जरा नवी मुंबईत यावं. आमच्या वडिलांनी १९८८ मध्ये पोटाला चिमटा काढून घर घेतलं, ते सिडकोच्या जमिनीवर, ६० वर्षांच्या भाडेपट्ट्यावर. विकताना हस्तांतराचं शुल्क वेगळं. ६० चालतात आणि ७० चालत नाहीत? चीनने निदान कायद्यात लिहून ठेवलंय. २०२१ च्या जानेवारीत लागू झालेल्या नागरी संहितेत, राहत्या घराच्या जमिनीचा हक्क मुदत संपल्यावर आपोआप वाढतो असं म्हटलंय.

सह्याद्रीवारा

आपोआप वाढतो, पण फुकट की पैसे मोजून? ते “कायद्यानुसार” म्हणून सोडून दिलंय. वेनझोऊत २०१६ मध्ये २० वर्षांच्या मुदतीचे काही हक्क संपले तेव्हा घराच्या किमतीच्या एक तृतीयांशापर्यंत रक्कम मागितल्याची चर्चा झाली. ओरड झाली म्हणून मुदत तात्पुरती बिनशुल्क वाढवली. कायम तोडगा कुठाय? आणि ७० वर्षं मोजतात ती बिल्डरला जमीन मिळाल्यापासून, तुम्ही घर घेतल्यापासून नाही.

पानगळ

माझ्या कागदावर २०६६ लिहिलंय. तेव्हा मी ८४ वर्षांची असेन. माझी झोप उडवायला हे पुरेसं नाही.

चौथामजला

नेरुळकर, सिडको सोडा, परळला या. आमची इमारत १९६१ ची. पुनर्विकासाची पहिली बैठक २००९ मध्ये झाली, तेव्हा बाबा खुर्ची घेऊन पुढच्या रांगेत बसले होते. आता बाबा नाहीत, बैठका चालू आहेत. पूर्वी तीन चतुर्थांश संमती लागायची, २०१९ मध्ये नियम बदलून निम्म्याहून जास्त पुरेशी झाली, तरी तळमजल्यावरचे दोन गाळेवाले आणि एक निवृत्त मास्तर कोर्टात. मालकी-मालकी काय करता? मालकी म्हणजे शेजाऱ्याच्या सहीची वाट बघणं.

नेरुळ_सेक्टर

मास्तरांची बाजू ऐकलीत का कधी? पुनर्विकासात घर सोडलेले किती म्हातारे संक्रमण शिबिरात गेले? माझी मावशी ‘तीन वर्षांत चावी’ ऐकून बाहेर पडली. अकरा वर्षं भाड्याच्या खोल्यांत काढली, शेवटची दोन भाड्याचा चेक आला नाही. ‘सही करत नाही’ म्हणणारा माणूस मला शहाणा वाटतो.

चौथामजला

आणि चौथ्या मजल्यावर गुडघे धरून चढणारी माझी आई? तिचं काय? तिचा शहाणपणा कोणी विचारायचा? संतापाने लिहितोय, माफ करा, पण तळमजल्यावरच्या माणसाने वरच्यांचं ठरवायचं हे मला कधीच पटणार नाही.

पानगळ

चौथामजला, तुमच्या आईचं वाचून लिहायला बसले. आमच्याकडे हेच चालू होतं.

इथे बहुतेक जुन्या सहा मजली इमारतींना लिफ्ट नाही. आता माणसं म्हातारी झाली, म्हणून बाहेरच्या बाजूने लिफ्ट जोडण्याची योजना आली. सरकार काही अनुदान देतं, उरलेला खर्च मजल्याप्रमाणे वाटतात: सहाव्याला सर्वांत जास्त, खालच्यांना कमी, तळमजल्याला बहुतेक काहीच नाही. कायद्याने दोन तृतीयांश घरांनी मतदानात भाग घ्यायचा आणि त्यातल्या तीन चतुर्थांशांनी होकार द्यायचा. आमच्या जिन्याला बारा घरं. मत मोजायच्या वेळी अकरा होकार, एक नकार. नकार तळमजल्यावरच्या आयीचा.

इथे मावशीच्या वयाच्या बाईला ‘आयी’ म्हणतात. मराठी कानाला तो शब्द कसा लागतो ते इथे राहिलेल्यांना माहीत आहे. कागदावर आमचं बहुमत होतं, तरी काम सुरू करायला कुणी धजेना. तिच्या खिडकीसमोर लिफ्टचा खांब येणार, उजेड जाणार, दिवसभर दाराचा आवाज. तिचं म्हणणं खोटं नव्हतं.

मला, एकट्या परदेशी घराला, जिन्याच्या बैठकीला बोलावलं, कारण लाल पुस्तक माझ्याकडेही होतं. भाडेकरू असते तर लिफ्ट आल्यावर भाडं वाढलं असतं, एवढाच माझा संबंध. मी सुचवलं की खांब दोन मीटर बाजूला घ्या आणि तिच्या बाजूने काच लावा. खर्च वाढला, तो पाचव्या-सहाव्याने आणि आम्ही उचलला. तिने सही केली नाही, पण “मी आडवी येणार नाही” म्हणाली. २०२३ मध्ये लिफ्ट चालू झाली.

कापडबाजार

हे खरं उत्तर. पहिल्याच पोस्टमध्ये हे लिहायचं होतं, चपला-बुरशी कशाला.

चौथामजला

दोन मीटर! आमच्याकडे दोन मीटर जागा असती तर भांडण कशाला झालं असतं. पण तळमजल्याशी बोलायला बाबांनंतर आमच्यातलं कुणी गेलंच नाही, वकिलाची नोटीस गेली. हे लिहिताना वाईट वाटतंय.

सह्याद्रीवारा

लिफ्टमध्ये मूळ मुद्दा हरवला. मी का चिडून लिहिलं ते सांगतो, म्हणजे मी लोकांची टवाळी करतोय असं वाटणार नाही.

२०२० च्या जानेवारीत चिनी नववर्षाच्या सुट्टीत आम्ही चौघं पुण्याला आलो. हातात दोन बॅगा. २८ मार्चला चीनने परदेशी लोकांना दारं बंद केली, ज्यांच्याकडे वैध परवाने होते त्यांनाही. भारतातून जाणाऱ्यांवर नोव्हेंबरमध्ये पुन्हा बंदी आली. कामाच्या व्हिसावाल्यांना वाट मोकळी झाली ती २०२२ च्या जूनमध्ये, आणि तोवर माझी नोकरी उरली नव्हती. शांघायच्या भाड्याच्या घरातलं सामान एजंटच्या माणसाने व्हिडिओ कॉलवर दाखवत भरलं. “हे ठेवू की टाकू?” मुलाचे चित्रांचे कागद, बायकोचं जातं, माझ्या आईने विणलेली गोधडी. पाठवायचा खर्च झेपत नव्हता. जवळपास सगळंच “टाका” म्हणालो.

आमच्याबरोबरच्या एका मराठी कुटुंबाने तिथे घर घेतलं होतं. कुलूपबंद घराचा हप्ता त्यांनी दोन वर्षं पुण्यातून भरला. ज्या देशात स्वतःच्या घराच्या दाराशी जायला परवानगी लागते, तिथे घर घेऊ नये, असं मला अजूनही वाटतं. हे आकड्यांचं मत नाही, मान्य.

पानगळ

हे आधी माहीत असतं तर माझा सूर वेगळा असता. आम्ही त्या काळात इकडेच होतो, म्हणून वाचलो. सासऱ्यांच्या शेवटच्या दिवसांत मात्र भारतात जाता आलं नाही. उलट दिशेने तीच भिंत.

आकडा विचारलात. १५ लाख युआनला घेतलं. २०२१ मध्ये एजंट दारात येऊन २१ सांगत होता. आज १३ ला गिऱ्हाईक मिळालं तर नशीब. गुंतवणूक म्हणून आम्ही चुकलो, हे मान्य करते, आणि ते लिहायला मला सोपं जात नाही.

पण ‘पैसे अडकतात’ असं तुमच्या पहिल्या लेखात होतं, ते बरोबर नाही. विक्रीचा करार आणि कर भरल्याच्या पावत्या दाखवून परदेशी माणसाला विक्रीचे पैसे बाहेर नेता येतात. कटकट आहे, बंदी नाही. आणि उलट बाजूही बघा. चिनी नागरिकाला आपल्याकडे रिझर्व्ह बँकेच्या परवानगीशिवाय घर घेता येत नाही, फक्त पाच वर्षांपर्यंत भाड्याने राहता येतं. मला इथे निदान राहण्यासाठी एक घर घेऊ दिलं.

नेरुळ_सेक्टर

नवं बांधकाम घेऊ नका, तयार घर घ्या, एवढं तरी तुम्ही दोघं मिळून लिहा. अर्धवट इमारतींची गोष्ट आपल्याकडेही नवी नाही.

पानगळ

त्यावर आमचं भांडण नाही. आम्ही जुनं घेतलं त्यामागे हेच कारण होतं, आणि गोंगथान हे दुसरं. नव्या टॉवरमध्ये लिफ्ट, जिने, लॉबी यांचा वाटा धरून मोजलेल्या जागेचा पाव भाग हातातून जातो. आपल्याकडे रेराने कार्पेटवर विकायला लावलं, इथे बहुतेक शहरांत अजून जुनीच रीत. आमच्या जुन्या इमारतीत हा वाटा थोडा आहे.

सह्याद्रीवारा

‘मूर्ख’ आणि ‘गुंडाळलेले’ हे दोन्ही शब्द लेखातून काढतो. पैसे अडकतात ते वाक्यही दुरुस्त करतो. घर घेऊ नका हे मत तसंच राहील.

पानगळ

राहू द्या.

कापडबाजार, तुमचं उत्तर राहिलं. लाल पुस्तकावर पासपोर्टच्या क्रमानेच पूर्ण नाव, लॅटिन अक्षरांत, आणि चिनी नाव मी घालूच दिलं नाही. पासपोर्ट बदलल्यावर जुना आणि नवा नंबर एकाच व्यक्तीचे असल्याचं पत्र शांघायच्या आपल्या कॉन्सुलेटमधून घेतलं, त्याचं भाषांतर करून नोंदणी कार्यालयात दिलं. जुना पासपोर्ट मात्र फेकू नका, मित्रालाही सांगा. मला तिथे दोन्ही समोर ठेवायला सांगितलं होतं.