अनुभव धागा : दूरचं माणूस आणि हातातला फोन

फोनमुळे माणसं दुरावली की जवळ आली, हा वाद पुष्कळ झाला. इथं एवढंच सांगा : संपर्काचं साधन बदललं तेव्हा तुमच्या घरातल्या एखाद्या नात्यात काय बदललं?

राजापूरकडची नात
आजोबा लालबागच्या गिरणीत होते. दर महिन्याला आजीच्या नावानं मनीऑर्डर यायची. फॉर्मच्या तळाशी दोन-चार ओळींपुरती जागा असे. 'पाऊस लागला काय, पोरांस शाळेत धाडणे.' पोस्टमन ओटीवर बसून ते मोठ्यानं वाचायचे, मग आजी अंगठा उठवायची. ते कपटे तिनं जपून ठेवले होते. मी आईला यूपीआयनं पैसे पाठवते. क्षणात पोचतात, पण तिला कळवते ती बँक. म्हणून त्या दिवशी मी फोन करतेच, पैशांचा विषय न काढता.

कर्णबधिर आईबाबांची लेक
आमच्याकडे लँडलाइन होता तो आजीसाठी. आईबाबांना त्याचा काडीचा उपयोग नव्हता. मी शिकायला पुण्यात आल्यावर एसएमएसवर भागवायचो, पण आईचं लिहिणं तुटक; तिची खरी भाषा खुणांची. त्या भाषेत भुवया, ओठ, खांदे सगळंच बोलतं. 'जेवलीस?' हे सहज विचारलंय की काळजीनं, ते चेहऱ्यावर दिसतं. मेसेजात ते कुठून येणार? २०१६ नंतर डेटा स्वस्त झाला आणि व्हिडिओ कॉल परवडू लागला. पहिल्या कॉलला आईनं फोन हातात धरला, त्यामुळे तिला एकाच हातानं बोलावं लागलं. बाबांनी फोन तांब्याला टेकवून उभा केला. मग दोघंही एकदम बोलायला लागले, तेव्हा आईनं बाबांचे हात धरून ठेवले, कारण आधी तिला बोलायचं होतं! पाठीमागून उजेड आला तर हात दिसत नाहीत, नेटवर्क अडखळलं की अर्धी खूण गळते. म्हणून दिव्यासमोरची एक खुर्ची आता माझ्या कॉलसाठी ठरलेली आहे. फोननं संवाद मारला असं कुणी म्हणालं की मला मनापासून राग येतो.

मालवाहू जहाजावरचा इंजिनिअर
पूर्वी बंदर लागलं की आम्ही कॉलिंग कार्ड घेऊन बूथ शोधत फिरायचो. खलाशांना जहाजावर शक्य तितकी इंटरनेटची सोय मिळावी, अशी सुधारणा आंतरराष्ट्रीय सागरी कामगार करारात झाली आणि २३ डिसेंबर २०२४ पासून लागू झाली. ते रास्तच आहे. मुलीचा पहिला दात पडला तो मी भर समुद्रात पाहिला. पण मेसरूममधला कॅरम पडून असतो. जेवण झालं की ज्याची त्याची केबिन बंद. घरचं दुखणं तासाभरात कळतं, आणि जाता तर येत नाही. अशा वेळी पूर्वी सोबत्यांना न सांगताही चेहऱ्यावरून कळायचं. आता कुणी जेवायला आला नाही तर मी दार ठोठावतो.

सांगलीहून
चुलते गेले. घरच्या ग्रुपवर जोडलेल्या हातांची रांग लागली. दारात मोजकीच माणसं आली. काकूंना तर ग्रुप वाचताच येत नाही.

ओहायोहून
सांगलीकर, ते निरोप काकूंना कुणीतरी शेजारी बसून वाचून दाखवा. बाबा गेले तेव्हा मला लगेच निघता आलं नव्हतं. भाच्यानं आईला एकेक निरोप नावानिशी वाचून दाखवला. त्यातल्या दोन जुन्या शेजारणींना तिनं स्वतःहून फोन लावायला सांगितलं. त्यांतली एक दुसऱ्या दिवशी एसटीनं आली आणि तेराव्यापर्यंत राहिली.